फिर्यादी नसणे आणि पीडित नसणे

मटक्यापासून लाचेपर्यंत कोणताही विषय निघाला की ‘कोणी फिर्याद दिली नाही, म्हणजे कोणाचे काही बिघडले नाही’ असा निष्कर्ष आपल्याकडे बिनदिक्कत काढला जातो, आणि तो चुकीचा आहे. चोरीत किंवा मारहाणीत पीडित व्यक्ती स्वतःच पोलीस ठाण्यावर जाते. ते सर्वांना ठाऊक आहे. घोटाळा होतो तो दोन्ही बाजू राजी असलेल्या व्यवहारांत.

लाच घ्या. देणाऱ्याचे काम झाले, घेणाऱ्याचा खिसा भरला, आणि 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही थेट गुन्हा असल्यामुळे, बळजबरीने द्यावी लागल्याचे सात दिवसांत कळवणाऱ्याचा अपवाद सोडला, तर फिर्याद देण्यात कोणाचेच हित नसते. तरीही नियमाने अर्ज करून थांबलेल्या ज्या माणसाची फाईल मागे सरकली, तो पीडितच आहे. आपले नुकसान झाल्याचा त्याला पत्ता नाही, एवढेच. हुंड्याचेही तेच. 1961 च्या कायद्याने देणे आणि घेणे दोन्ही गुन्हे ठरवले आहेत, पण दोन्ही घरे खूश असताना मुलीच्या वतीने बोलणार कोण?

याउलट, 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल देईपर्यंत कलम 377 खाली दोन सज्ञान व्यक्तींचे राजीखुशीचे समलिंगी संबंधही गुन्हा होते. तिथे संमतीबाहेरचा, नुकसान सोसणारा माणूस दाखवताच येत नाही. म्हणून पीडित नसलेला गुन्हा खरोखर असू शकतो, असे माझे ठाम मत आहे. अशा वेळी ‘समाज’ नावाचा पीडित पुढे करणाऱ्यांचा मला विशेष कंटाळा येतो, कारण त्या मापाने कोणतीही न आवडणारी गोष्ट गुन्हा ठरवता येईल.

मटका मात्र मी लाच-हुंड्याच्या गटात घालतो, कारण घरखर्चाचे पैसे लावताना घरच्यांची संमती कोणी घेत नाही. मग गोव्यातल्या कॅसिनोचे काय? गोव्याच्या 1976 च्या ज्या जुगारविरोधी कायद्याखाली मटकेवाल्याला पकडतात, त्यातच 1992 आणि 1996 साली दुरुस्त्या करून पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रे आणि जहाजांवरील टेबले परवान्याने खुली केली गेली. परवान्यामुळे गुन्हा उरला नाही, परंतु घरच्यांचे नुकसान उरलेच. ते ओळखूनच की काय, 2020 पासून गोमंतकीयांना कॅसिनोत खेळण्यास मनाई झाली. पर्यटकांच्या घरच्यांचा विचार त्या मनाईत केलेला नाही.