मंकीपॉक्सची पीसीआर चाचणी

मंकीपॉक्स किंवा एमपॉक्सचा संसर्ग प्रयोगशाळेत निश्चित करण्याची मुख्य चाचणी. रुग्णाच्या फोडातून घेतलेल्या नमुन्यात विषाणूचा डीएनए आहे का, हे तीत त्या डीएनएच्या प्रती वाढवून तपासतात. नुसते पुरळ पाहून केलेले निदान फसू शकते. काँगोमध्ये (काँगो लोकशाही प्रजासत्ताकात) कांजिण्यांचे कितीतरी रुग्ण मंकीपॉक्सचे म्हणून नोंदले जातात आणि काहींना दोन्ही आजार एकदमच झालेले असतात. प्रतिपिंडांच्या चाचणीनेही खात्री पटत नाही. देवीचा विषाणू आणि हा विषाणू एकाच ऑर्थोपॉक्स गटातले असल्यामुळे पूर्वी देवीची लस घेतलेल्या माणसाचे रक्तही ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते.

सगळी भिस्त नमुन्यावर असते. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा स्वॅब फोडावर जोर देऊन घासावा लागतो. वरवर फिरवला तर पुरेसा डीएनए मिळत नाही. खपली धरली असेल तर तीही चालते. शक्यतो दोन किंवा अधिक फोडांतून नमुने घेतात. सुईने फोड फोडण्याची गरज नसते, आणि तसे करूही नये, कारण सुई टोचून नमुना घेणाऱ्यालाच लागण होण्याची भीती असते. रक्तात विषाणू थोडेच दिवस सापडतो, म्हणून रक्ताच्या नकारार्थी अहवालावर विसंबता येत नाही. नमुना तासाभरात २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावा किंवा गोठवावा.

करोनाचा विषाणू आरएनएचा असल्याने त्याच्या चाचणीत आधी आरएनएपासून डीएनए बनवावा लागे. इथे ती पायरी लागत नाही. वेगळा केलेला डीएनए यंत्रात आलटून पालटून तापवला-थंड केला जातो आणि प्रत्येक आवर्तनात हव्या त्या तुकड्याच्या प्रती साधारण दुप्पट होतात. प्रती पुरेशा वाढल्या की यंत्राला प्रकाशाचा संकेत मिळतो. किती आवर्तनांनंतर तो संकेत दिसला, तो आकडा म्हणजे ‘सीटी’. हा आकडा जितका कमी, तितका नमुन्यात विषाणू जास्त. नमुना नीट घेतला गेला का, हे कळावे म्हणून सोबत माणसाचाच एक जनुक तपासतात. तोही मिळाला नाही, तर अहवाल ‘निगेटिव्ह’ धरायचा नाही, नमुना पुन्हा मागवायचा.

चाचणीचा खरा कस लागतो तो कोणता जनुक शोधायचा, या निवडीत. विषाणूचा पहिला गट, म्हणजे क्लेड १, ओळखण्यासाठी सी३एल हा जनुक वापरला जाई. २०२३ साली काँगोच्या दक्षिण किवू प्रांतातल्या कामितुगा या सोन्याच्या खाणींच्या गावात साथ पसरली. तिथले नमुने मंकीपॉक्सच्या सर्वसाधारण चाचणीत पॉझिटिव्ह येत, पण क्लेड १ च्या चाचणीत निगेटिव्ह. संपूर्ण जनुकक्रम वाचल्यावर उलगडा झाला: सी३एल असलेला भागच विषाणूने गमावला होता. हाच पुढे क्लेड १बी म्हणून ओळखला गेला. त्याआधी २०२२ मध्ये अमेरिकेत काही रुग्णांच्या विषाणूत वेगळाच जनुक गळालेला आढळला आणि त्यावर बेतलेल्या काही चाचण्या चुकीने निगेटिव्ह येण्याचा धोका निर्माण झाला. एकाच लक्ष्यावर चाचणी उभी करणे म्हणूनच धोक्याचे. किमान दोन जागा तपासणारी चाचणी केव्हाही बरी.

भारतातला पहिला रुग्ण १४ जुलै २०२२ रोजी केरळमध्ये निश्चित झाला, तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या तपासणीतून. त्यानंतर देशातल्या इतर विषाणू प्रयोगशाळांनाही या तपासणीचे प्रशिक्षण देण्यात आले. सप्टेंबर २०२४ मध्ये केरळमध्येच क्लेड १बी आढळला.

साथीचा सर्वाधिक भार सोसलेल्या काँगोत अडचण वेगळी आहे. दूरच्या गावातला नमुना थंड राखून शहरातल्या प्रयोगशाळेपर्यंत पोचवणेच कठीण. जागतिक आरोग्य संघटनेने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी पहिल्यांदा एका एमपॉक्स चाचणीला आणीबाणीच्या वापराच्या यादीत घेतले, तेव्हा त्या वर्षी काँगोतल्या संशयित रुग्णांपैकी केवळ ३७ टक्क्यांची तपासणी झालेली होती. मोठ्या प्रयोगशाळांतली यंत्रे वाढवण्यापेक्षा क्षयरोगासाठी आधीच अनेक ठिकाणी असलेल्या जीनएक्स्पर्ट यंत्रांवर ही चाचणी करता येणे तिथे अधिक मोलाचे आहे: नमुना यंत्राच्या बंद डबीत (कार्ट्रिजमध्ये) घातला की डीएनए वेगळा करण्यापासून निकालापर्यंतचे काम यंत्रच करते.