पेशीपटल

पेशीतील जीवद्रव्याला बाहेरून वेढणारे लिपिडे (मेदसदृश पदार्थ) व प्रथिने यांचे अतिपातळ, लवचिक पटल. यालाच प्रद्रव्यपटल असेही म्हणतात. वनस्पती, कवके व बहुतेक जीवाणू यांच्यात त्याच्या बाहेर पेशीभित्तिका असते. भित्तिका ही निराळी रचना असून तिची पटलाशी गल्लत करू नये.

पटलाची जाडी सुमारे ७ ते ८ नॅनोमीटर असते. साध्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरहून लहान तपशील वेगळा दाखवता येत नाही. त्यामुळे जवळजवळ शंभर वर्षे या पटलाचे अस्तित्व केवळ अनुमानाने मानले गेले. कार्ल नेगेली यांनी १८५५ च्या सुमारास परासरणाच्या (पटलातून पाणी आरपार जाण्याच्या क्रियेच्या) निरीक्षणांवरून अशा थराची कल्पना मांडली, तर व्हिल्हेल्म फेफर यांनी १८७७ मध्ये तिला प्रायोगिक आधार दिला. पटल कशाचे बनलेले असावे, याचा पहिला ठोस तर्क मात्र अर्नेस्ट ओव्हर्टन यांचा. मेदात विरघळणारे पदार्थ पेशीत सहज शिरतात, हे त्यांनी १८९० च्या दशकात दाखवले.

पटलात लिपिडांच्या रेणूंचे दोन थर एकमेकांना लागून असतात, त्यांना द्विस्तर म्हणतात. या कल्पनेचे श्रेय सामान्यतः एव्हर्ट गॉर्टर व फ्रांस्वा ग्रेंडेल यांना दिले जाते. या डच संशोधकांनी १९२५ मध्ये तांबड्या रक्तपेशींतील लिपिडे ॲसिटोनने काढून पाण्यावर एकरेण्वीय (एकाच रेणूच्या जाडीचा) थर म्हणून पसरली. थराचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरले, म्हणून पटलात असे दोन थर असावेत असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढील चिकित्सेत या प्रयोगातील दोन चुका दिसून आल्या. ॲसिटोनने सर्व लिपिडे निघत नाहीत, आणि वाळवलेल्या पेशींवरून काढलेले क्षेत्रफळ वास्तवापेक्षा बरेच कमी होते. दोन्ही चुकांनी एकमेकींना जवळजवळ खोडून काढले. शिवाय पाण्यावरील थराचे क्षेत्रफळ त्याच्यावर किती दाब दिला आहे यावरही ठरते, म्हणून ‘दुप्पट’ हा आकडा जपूनच वापरावा. त्याच वर्षी ह्यूगो फ्रिक यांनी द्रवात तरंगत्या तांबड्या पेशींची विद्युत धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मोजून पटलाची जाडी ३.३ नॅनोमीटर काढली. द्विस्तराच्या जलद्वेषी (पाण्याला दूर ठेवणाऱ्या) गाभ्याच्या आज मान्य असलेल्या जाडीशी हा आकडा चांगला जुळतो, मात्र फ्रिक यांनी तो रेणूंच्या एकाच थराला लावून पाहिला. मापन म्हणून फ्रिक यांचे काम अधिक भक्कम ठरते. द्विस्तराची कल्पना मात्र निःसंशय गॉर्टर व ग्रेंडेल यांची.

डॅनिएली व डॅव्हसन यांच्या १९३५ च्या प्रारूपात प्रथिने लिपिडांच्या दोन्ही बाजूंना थरासारखी पसरलेली होती. १९५० च्या दशकाअखेरीस रॉबर्टसन यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दोन गडद रेषांमध्ये फिकट पट्टा दिसला, तेव्हा हे प्रारूप सिद्ध झाल्यासारखे वाटले. पण १९७० मध्ये फ्राय व एडिडिन यांनी माणसाच्या व उंदराच्या पेशींचा संयोग घडवला. दोन्हींची पृष्ठ-प्रथिने ३७ अंश सेल्सिअसला सुमारे ४० मिनिटांत एकमेकांत मिसळली. म्हणजे पटल प्रवाही आहे. सिंगर व निकोल्सन यांनी १९७२ मध्ये मांडलेले ‘द्रायू-कुट्टिम प्रारूप’ (प्रवाही थरात प्रथिने नक्षीसारखी जडवलेली असल्याचे चित्र) यावर आधारलेले असून तेच आज आधारभूत मानले जाते. प्रथिने द्विस्तरात रुतलेली असतात व अनेक आरपार जातात. फॉस्फोलिपिडाचा (द्विस्तरातील फॉस्फेटयुक्त लिपिडाचा) रेणू आपल्याच थरात वेगाने सरकतो, पण एका थरातून दुसऱ्यात आपणहून क्वचितच उलटतो. त्यामुळे आतील व बाहेरील थरांचे घटक भिन्न राहतात. कोलेस्टेरॉलयुक्त ‘तराफ्यां’ची (पटलात तरंगणाऱ्या लहान लिपिड-समूहांची) कल्पना १९९७ पासून चर्चेत आहे, जिवंत पेशीतील त्यांचा आकार व टिकाव यांवर एकमत नाही.

ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइड द्विस्तरातून सहज पार होतात, आयन होत नाहीत. त्यांच्यासाठी प्रथिनांच्या वाहिन्या व पंप असतात. सोडियम-पोटॅशियम पंप एटीपीच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या संयुगाच्या) एका रेणूमागे सोडियमचे तीन आयन बाहेर टाकतो व पोटॅशियमचे दोन आत घेतो. पाण्याच्या वाहिन्यांची ओळख पीटर अग्रे यांच्या कामातून १९९२ मध्ये पटली. विश्रांत तंत्रिका पेशीच्या पटलापलीकडे सुमारे ७० मिलिव्होल्ट विभवांतर (विद्युतदाबातील फरक) असते. आकडा लहान दिसतो, पण ते इतक्या थोड्या जाडीवर असल्याने दर सेंटिमीटरला सुमारे एक लाख व्होल्ट एवढे तीव्र क्षेत्र निर्माण होते. अनेक संप्रेरकांचे संकेत स्वीकारणारी ग्राही प्रथिनेही येथे असतात.

आर्किया या जीवाणूंहून वेगळ्या एकपेशीय सूक्ष्मजीवांच्या पटलातील लिपिडांत एस्टर या रासायनिक बंधांऐवजी ईथर बंध असतात. त्यांच्या काही उष्णताप्रिय जातींत एकच लांब रेणू पटलाच्या दोन्ही बाजूंपर्यंत पोहोचतो. अशा पटलाला द्विस्तर म्हणता येत नाही.