बाइकचं ट्यूनिंग: खरा हिशेब हवेचा

साडेतीनशे सीसीची, एका सिलिंडरची बाइक धरू. वेग ताशी ६० किलोमीटर, इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर, अ‍ॅव्हरेज ३५ चं. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच पेट्रोल घेतं, म्हणजे मिनिटाला १५०० वेळा. या चालीने एक लिटर पेट्रोल ३५ मिनिटं पुरतं आणि तेवढ्या वेळात त्याचे साडेबावन्न हजार फवारे होतात. एका फवाऱ्यात जेमतेम ०.०२ मिलिलिटर, पाण्याच्या एका थेंबाच्या निम्म्याहून कमी. यातला प्रत्येक फवारा मापात हवा, आणि थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) पिळला की पुढच्या फवाऱ्याचं माप लगेच बदलायला हवं.

कावासाकीने १९८० मध्ये आपल्या हजार सीसीच्या बाइकला इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन (एफआय), म्हणजे विजेच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा दिली. आपल्याकडे २००६ मध्ये हीरो होंडाची ग्लॅमर एफआय आली. पण हे तंत्र घरोघरी पोचलं ते १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे धुराचे नियम लागू झाल्यावर. कार्ब्युरेटरचा, म्हणजे हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या भागाचा, स्क्रू पाव फेरा फिरवायचा, आवाज ऐकायचा आणि गाडी 'सेट' झाली म्हणायचं, ही गॅरेजमधली पद्धत त्यानंतर मागे पडली. एफआय गाडीत पेट्रोलचं माप ठरवतो ईसीयू, म्हणजे सीटखाली बसवलेला छोटा संगणक.

त्याच्या हातात एकच गोष्ट असते: वेळ. टाकीतला पंप पेट्रोल साधारण तीन बारच्या ठरलेल्या दाबाने इंजेक्टरपर्यंत आणून ठेवतो. इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडणारा झडपेचा नळ. दाब कायम असल्यामुळे नळ जितका वेळ उघडा, तितकं पेट्रोल. हा वेळ मिलिसेकंदांत मोजतात. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) दोन-तीन मिलिसेकंद पुरतात. ६००० फेऱ्यांवर सगळं चक्रच २० मिलिसेकंदांत आटोपतं, त्यामुळे पूर्ण थ्रॉटलला लागणारं सगळं पेट्रोल तेवढ्यातच आत जायला हवं. यात एक बारीक गोम आहे. वीज मिळाल्यावर झडप उचलली जायला एखादा मिलिसेकंद लागतो आणि बॅटरी उतरलेली असेल तर त्याहून जास्त. म्हणून ईसीयू बॅटरीचा व्होल्टेज सतत बघतो आणि त्याप्रमाणे वेळ वाढवून देतो. गाडी मिसिंग करते म्हणून सेन्सर बदलत सुटण्याआधी बॅटरीची टर्मिनलं तपासावीत, ती याचसाठी.

पेट्रोल किती, हे ठरतं हवेवरून. एक ग्रॅम शुद्ध पेट्रोल पुरतं जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. म्हणजे खरा प्रश्न असा की या क्षणी सिलिंडरमध्ये हवा किती शिरली? आजच्या बाइकवर ती हवा सहसा थेट मोजत नाहीत. ईसीयू अंदाज बांधतो. एक मार्ग म्हणजे थ्रॉटल किती उघडा आणि फेरे किती, एवढ्यावरून. दुसरा म्हणजे इंजिनात जाणाऱ्या वाटेतला दाब आणि फेरे, यांवरून. थ्रॉटल कमी उघडा असताना दाबाचा आकडा जास्त भरवशाचा, जास्त उघडा असताना थ्रॉटलचा. म्हणून बऱ्याच गाड्या दोन्ही वापरतात. फेरे मोजायला क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या, चक्रावर दाते असतात आणि त्यातले एक-दोन मुद्दाम गाळलेले असतात. तो रिकामा भाग सेन्सरसमोरून गेला की पिस्टन कुठे आहे ते कळतं. पण पिस्टन वर आला तो हवा दाबायला की धूर ढकलायला? अनेक एक-सिलिंडर गाड्यांत हे दाबाच्या सेन्सरवरून ओळखतात: हवा आत ओढली जाताना दाब झपकन पडतो, आणि तो दोन फेऱ्यांत एकदाच पडतो. एकाच सेन्सरकडून दोन उत्तरं काढण्याची ही युक्ती मला या सगळ्या यंत्रणेत सर्वांत देखणी वाटते.

आता नकाशा, म्हणजे ज्याला ट्यूनर 'मॅप' म्हणतात तो. जुन्या रस्त्यांच्या पुस्तकात शहरांमधल्या अंतरांचा तक्ता असायचा. आडव्या ओळीत एक गाव, उभ्या रकान्यात दुसरं, जिथे मिळतील तो आकडा. मॅपही तसाच. आडवे फेरे, उभा थ्रॉटल, मधल्या घरात इंधनाचा आकडा. त्यावर इंजिनाचं तापमान, आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि बाहेरचा दाब यांच्या दुरुस्त्या चढतात.

घरांतले आकडे सरळ रेषेत वाढत नाहीत, आणि ट्यूनिंगचं सगळं मूळ तिथे आहे. एक्झॉस्ट उघडल्यावर सायलेन्सरच्या पाइपातून दाबाची लाट धावत जाते आणि परत फिरते. काही ठराविक फेऱ्यांवर ती अशा वेळी परत येते की उरलासुरला धूर ओढला जातो आणि ताजी हवा जास्त भरते. दुसऱ्या फेऱ्यांवर तीच लाट अडसर होते. पाइपाची लांबी, जाडी, आतली जाळी बदलली की हे फेरे बदलतात. फ्री-फ्लो (धुराला कमी अडवणारा) सायलेन्सर लावला, फिल्टर बदलला, तर कारखान्यात भरलेला तक्ता त्या इंजिनाचा राहत नाही. हवा बदलली, आकडे जुनेच.

मग गाडी लगेच बंद का पडत नाही? कारण एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर बसलेला असतो. झिर्कोनियाचा हा सेन्सर सुमारे ३०० अंशांपुढे तापला की काम सुरू करतो. मिक्स्चर (हवा-पेट्रोलचं मिश्रण) लीन, म्हणजे पेट्रोल कमी असेल, तर तो ०.१ व्होल्ट देतो; रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असेल, तर ०.९ व्होल्टच्या आसपास. ईसीयू पेट्रोल जरा वाढवतो, सेन्सर रिच म्हणतो; जरा घटवतो, लीन म्हणतो. बरोबर मध्यावर झुलत राहायचं, कारण धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्या मध्यावरच नीट काम करतो. दुरुस्ती सारखी एकाच दिशेने करावी लागत असेल तर ईसीयू ती लक्षातही ठेवतो.

पण हा सेन्सर फक्त दिशा सांगतो, किती ते सांगत नाही. शिवाय इंजिन थंड असताना आणि थ्रॉटल जोरात उघडला असताना ईसीयू त्याचं ऐकत नाही, थेट तक्त्यावर चालतो. जास्तीत जास्त ताकद हवी तर मिक्स्चर थोडं रिच लागतं, साधारण १२.५ ते १३ ग्रॅम हवेला एक ग्रॅम पेट्रोल. सेन्सरला ते मोजताच येत नाही. म्हणून सायलेन्सर बदललेली गाडी शहरात बिनतक्रार चालते आणि हायवेवर ओव्हरटेक करताना लीन होऊन तापते. थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमधून फटाके वाजतात, ते न जळलेलं पेट्रोल गरम पाइपात पेटल्याचे. त्या आवाजाला ताकदीची खूण मानू नये.

खरं ट्यूनिंग डायनोवर, म्हणजे गाडी जागेवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर होतं. मागचं चाक रोलरवर आणि एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर, जो मिक्स्चरचा नेमका आकडा देतो. ट्यूनर गाडी ४००० फेरे आणि ४० टक्के थ्रॉटलवर धरून ठेवतो. तिथे हवंय १३.२, वाइडबँड दाखवतोय १४.१. १४.१ ला १३.२ ने भागलं की १.०७ येतात, त्या घरात ७ टक्के पेट्रोल वाढवायचं. मग पुढचं घर. शेजारच्या घरांत मोठी उडी राहिली तर गाडी तिथे धक्के खाते, म्हणून आकडे सावकाश जुळवून घ्यावे लागतात. अचानक थ्रॉटल उघडल्यावरचं गणित वेगळंच: फवाऱ्यातलं काही पेट्रोल वाटेतच भिंतीला चिकटतं, ते भरून काढायला क्षणभर जादा द्यावं लागतं. पिकअप म्हणून जे जाणवतं, ते बरंचसं या दुरुस्तीत असतं.

हे आकडे दोन प्रकारे बदलतात. एक, ईसीयूमधला तक्ताच नव्याने लिहायचा. दुसरं, ईसीयू आणि इंजेक्टर यांच्यामध्ये पिगीबॅक नावाची डबी बसवायची, जी फवाऱ्याचा वेळ वाटेतच वाढवते किंवा घटवते. दुसऱ्या प्रकारात ऑक्सिजन सेन्सरचं काय करायचं हे ठरवावंच लागतं, नाहीतर डबी वाढवणार आणि ईसीयू तेवढंच कमी करणार.

आणि ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त 'पॉवर चिप' घेऊ नका. त्यातल्या अनेकांच्या पोटात एक रेझिस्टर असतो, तापमानाच्या सेन्सरला जोडायचा. हवा किंवा इंजिन थंड आहे असं समजून ईसीयू सगळीकडेच पेट्रोल वाढवतो, गरज असेल तिथे आणि नसेल तिथेही. अ‍ॅव्हरेज पडतं, प्लग काळा होतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला धरूनही नाही, आणि मागे येणाऱ्याच्या छातीत तो धूर जातो.

तक्ता इंजिनाशी जुळलेला असेल तर ही यंत्रणा किती काम करते ते घाटात कळतं. पोलादपूरहून आंबेनळीने महाबळेश्वरला, १३०० मीटरच्या वर पोचेपर्यंत हवेचा दाब सुमारे १५ टक्क्यांनी उतरतो. कार्ब्युरेटरची गाडी वर रिच होऊन खेचायची बंद होते. एफआय गाडीत चावी फिरवताच दाबाचा सेन्सर बाहेरची हवा टिपून ठेवतो, पुढे चालतानाही बदल जमेस धरतो, आणि चालवणाऱ्याला फक्त विरळ हवेने घटलेली ताकद जाणवते.

पेट्रोलच बदललं तर? आपल्या उसाच्या पट्ट्यातून येणारं इथेनॉल स्वतःच ऑक्सिजन घेऊन येतं, त्याला ९ ग्रॅमच हवा पुरते. त्यामुळे दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला १४.१ च्या आसपास आणि वीस टक्क्यांच्या ई-२० ला १३.५ च्या आसपास हवा लागते. फरक साडेचार टक्क्यांचा. ऑक्सिजन सेन्सर चालू असेल तिथे ईसीयू तो सहज भरून काढतो आणि शिकलेली दुरुस्ती पूर्ण थ्रॉटललाही वापरू शकतो. पण ई-१० वर डायनो केलेली, सेन्सर बंद करून ठेवलेली गाडी ई-२० वर सगळ्याच घरांत साडेचार टक्के लीन चालते. अशा गाडीचा मॅप आजच्या पेट्रोलवर पुन्हा तपासून घ्यावा, आणि ट्यूनरकडून ताकदीच्या आलेखासोबत वाइडबँडचा आलेखही मागून घ्यावा.