वजाबाकी करणारे चार डायोड

परवा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. पृथ्वीचे ‘ठोके’ ७.८३ हर्ट्झच्या वर गेलेत, म्हणून लोकांना झोप लागत नाही, आणि त्यावर उपाय म्हणजे उशाखाली ठेवायचं एक यंत्र. आकडा खरा आहे. विजा कडाडल्या की जमीन आणि आयनावरण (वातावरणातला वरचा विद्युतभारित थर) यांच्यामधल्या पोकळीत लहरी घुमतात, हे विनफ्रीड शूमान या जर्मन शास्त्रज्ञानं १९५२ साली मांडलं. पोकळीचा आकार ठरलेला, म्हणून वारंवारताही जवळजवळ ठरलेली. ती उशाखालच्या डबीतून मिळत नाही आणि मिळवायची गरजही नाही. कृपा करून पैसे घालवू नका.

कमी वारंवारतेच्या लहरींचं मला वेड आहे, म्हणून हे मनाला लागलं. त्यांच्यात थक्क व्हावं असं खरोखरच खूप काही आहे. मी इंग्लंडमध्ये राहतो आणि हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओ केंद्र चालवण्याचा, परवाना बाळगून आहे. इथल्या हौशी मंडळींना १९९८ मध्ये १३६ किलोहर्ट्झजवळची एक चिंचोळी पट्टी मिळाली. २००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेनं १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ ही पट्टी जगभरासाठी मान्य केली. एकूण रुंदी २.१ किलोहर्ट्झ, म्हणजे एका माणसाचं बोलणंही त्यात नीट मावत नाही. तरंगलांबी मात्र जवळपास २२०० मीटर. (भारतातल्या वाचकांनी प्रक्षेपणाआधी आपल्या परवान्यात काय आहे ते पाहावं. ऐकण्याचा भाग तर कुणालाही करून बघता येईल.)

हॅमचे बहुतेक तयार रेडिओ संच या पट्टीवर प्रक्षेपण करत नाहीत. ते साधारण १.८ मेगाहर्ट्झपासून पुढे चालतात. मग संचाला न उघडता खाली उतरवायचं कसं? त्यासाठी संच आणि अँटेना यांच्यामध्ये एक डबा जोडतात, त्याला ट्रान्सव्हर्टर म्हणतात. माझ्या डब्यात १० मेगाहर्ट्झचा एक स्फटिक-दोलक आहे, म्हणजे स्फटिकाच्या आधारानं ठरलेल्या वारंवारतेची लहर सतत काढणारं मंडल. संच लावायचा १०.१३७ वर, हॅमची ३० मीटरची पट्टी १०.१०० ते १०.१५० अशी असल्यामुळे संच तिथं खुशाल प्रक्षेपण करतो. १०.१३७ मधून १० गेले, उरले ०.१३७ मेगाहर्ट्झ. झाले १३७ किलोहर्ट्झ.

पण लहरीतून लहर वजा होते म्हणजे नक्की काय होतं? इथंच बहुतेकांची गफलत होते, माझीही बरीच वर्षं झाली होती. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा थोड्या वेगळ्या लागल्या की आवाज हेलकावे खातो. सेकंदाला तीन हेलकावे आले तर तारांमधला फरक तीन हर्ट्झचा. आपल्याला वाटतं, ही फरकाची लहर हवेत तयार झाली. ती झालेली नसते. हवेत फक्त दोन लहरींची बेरीज असते, आणि बेरजेतून नवी वारंवारता कधीच निघत नाही. दोन तारा, दोन स्वर, संपलं. नवी वारंवारता हवी असेल तर लहरींचा गुणाकार व्हावा लागतो. शाळेतलं त्रिकोणमितीचं सूत्र आठवा:

कॉस अ × कॉस ब = ½ [कॉस (अ + ब) + कॉस (अ − ब)]

गुणाकाराच्या पोटातून बेरीज आणि वजाबाकी अशा दोन्ही वारंवारता बाहेर पडतात. दहावीत हे सूत्र मी नुसतं पाठ केलं होतं.

तारेतल्या विजेला गुणाकार शिकवतात ते चार डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेनं जाऊ देणारे छोटे भाग. एका कडीत एकामागून एक जोडलेले, आणि दोन्ही बाजूंना एकेक छोटा ट्रान्सफॉर्मर. १० मेगाहर्ट्झचा दोलक एका क्षणी दोन डायोड उघडतो, पुढच्या क्षणी दुसरे दोन. त्यामुळे आत आलेला सिग्नल एकदा सरळ जातो, एकदा उलटा. सरळ म्हणजे +१ ने गुणणं, उलटा म्हणजे −१ ने. सेकंदाला एक कोटी वेळा हा पाळीपाळीचा गुणाकार होतो. हे काम एकच डायोड वापरूनही जमलं असतं, पण त्यातून दोलकाची स्वतःची लहरही तशीच बाहेर येते. चार डायोडांच्या कडीत ती दोन्ही बाजूंनी सारखी येऊन एकमेकींना काटते. डायोड जितके एकसारखे तितकी ती चांगली कटते, म्हणून मी मल्टीमीटर घेऊन दोन डझनांतून चार निवडले.

बेरजेचं उत्तर, २०.१३७ मेगाहर्ट्झ, नको असतं. ते १३७ किलोहर्ट्झपासून इतकं दूर आहे की दोन-तीन कॉइल-कपॅसिटरची साधी चाळणी त्याला अडवते. ऐकताना हीच कडी उलटी चालते: अँटेनातले १३७ किलोहर्ट्झ १०.१३७ वर जाऊन बसतात.

माझा पहिला डबा जवळजवळ मुका होता. १३७ किलोहर्ट्झचा सिग्नल मी ट्रान्सफॉर्मरच्या टोकाला जोडला होता. फेराइटच्या कडीवर सहा वेढे; १० मेगाहर्ट्झला ते भरपूर, पण १३७ किलोहर्ट्झला त्यांचा रोध जेमतेम ११ ओहम. ५० ओहमच्या वाटेत हे जवळपास शॉर्टच. कमी वारंवारता काढायची ती ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपवरून (वेढ्यांच्या मध्यावर काढलेल्या तारेवरून), तिथं अगदी डीसीसुद्धा जातं. दोन तारा अदलाबदल केल्या आणि संचावर १०.१३८८३ पाशी ठरावीक वेळानं चिरकणारा जोरदार आवाज आला. तो जर्मनीतल्या माग्डेबुर्गजवळच्या १३८.८३ किलोहर्ट्झच्या केंद्राचा. वीज कंपन्या त्यावरून रस्त्यावरचे दिवे आणि मीटरचे दर बदलण्याचे आदेश धाडतात. खाली १३५.६ वर हंगेरीतलं तसंच केंद्र. आमची पट्टी या दोघांच्या मध्ये.

एक सावधगिरी. संचाचे १०० वॉट थेट या कडीत सोडले तर डायोड तत्क्षणी जातात. तिला काही मिलिवॉट पुरतात. शक्ती आधी संचावरच कमी करायची आणि उरलेली रोधकांच्या जाळीत जिरवायची. दोलकही पक्का हवा, कारण त्याची चूक पुरीच्या पुरी खाली उतरते. साधा स्फटिक लाखात दोन भाग चुकला तर १० मेगाहर्ट्झला २०० हर्ट्झ होतात. डब्ल्यूएसपीआर या मंद संकेतपद्धतीला या पट्टीत वापरायला मिळतो तो तुकडाच २०० हर्ट्झचा. मी तापमान सांभाळणारा दोलक बसवला.

अँटेनाचा मामला वेगळाच. माझी तार १० मीटर वर आणि ३० मीटर आडवी. २२०० मीटरच्या लहरीपुढे ती काडीएवढी. तिची धारिता (वीजभार साठवायची क्षमता) सुमारे २१० पिकोफॅरड. तिच्याशी मेळ घालायला ६.४ मिलिहेन्रीचं कॉइल लागतं, म्हणून ३० सेंटिमीटर व्यासाच्या प्लास्टिकच्या बादलीवर १७५ वेढे घातले. जमिनीतला आणि कॉइलमधला रोध मिळून ८० ओहम, आणि लहर होऊन बाहेर पडणारा वाटा ०.०३ ओहमचा. कडीतून निघालेला दुबळा सिग्नल वाढवणाऱ्या अँप्लिफायरनं १०० वॉट दिले तर हवेत ४० मिलिवॉटच्या आसपास जातात. बाकीचे कॉइल आणि माती तापवतात. त्याच वेळी कॉइलच्या वरच्या टोकाला सहा हजार व्होल्ट असतात. एका रात्री ओलं पान तारेला टेकलं आणि निळी ठिणगी चरचरत राहिली. पाऊस पडला की धारिता सरकते, कॉइलमधलं फिरतं कॉइल पुन्हा जुळवायला अंगणात जावं लागतं.

डिसेंबरमधल्या एका रात्री तेवढ्या ४० मिलिवॉटवर कॅनरी बेटांवरच्या एका श्रोत्यानं माझं नाव टिपलं. डब्ल्यूएसपीआरचा संदेश पन्नास बिटांचा, पाठवायला लागतात ११०.६ सेकंद. संचाच्या पडद्यावर तेव्हाही १० मेगाहर्ट्झच्या वरचाच आकडा होता.