जर्मन ग्राफला ‘लॉर्ड’ म्हणू नका

कुठल्याही जर्मन माणसाच्या नावात ‘ग्राफ’ (म्हणजे काउंट), ‘प्रिन्स’ किंवा नुसतं ‘फॉन’ (म्हणजे ‘अमुक ठिकाणचा’) दिसलं की आपल्या बातम्यांत त्याचा लगेच जर्मन लॉर्ड होतो. मग बाकीचं सगळं गृहीतच धरलं जातं: सरकारमान्य पदवी, थोरल्या मुलाचा हक्क, पदवीबरोबर आलेली इस्टेट. यातलं एकही जर्मनीत लागू नाही. ही गल्लत इतक्या वर्षांनंतरही छापून येते याचा मनापासून राग येतो.

ब्रिटिश लॉर्ड वाचकाला ठाऊक असतो, म्हणून थोडक्यात. तिथे वंशपरंपरागत पदवी कायद्याने आजही जिवंत आहे. ती सहसा थोरल्या मुलाकडे जाते, धाकटी भावंडं कायद्याच्या दृष्टीने सामान्य नागरिक. १९९९ साली बहुतेक वंशपरंपरागत सरदारांची संसदेच्या वरिष्ठ सभागृहातली जागा गेली, पदव्या मात्र राहिल्या. अशी पदवी विकता येत नाही, मृत्युपत्राने कुणाला देता येत नाही आणि दत्तक मुलाकडेही जात नाही.

जर्मनीत १९१९ साली नव्या प्रजासत्ताकाच्या, म्हणजे वायमार राज्यघटनेच्या १०९व्या कलमाने जन्मावर आधारलेले सगळे विशेषाधिकार संपवले. नव्या पदव्या देणं बंद झालं आणि जुन्या पदव्या ‘फक्त नावाचा भाग’ ठरल्या. ही तरतूद आजही लागू आहे. म्हणजे ‘ग्राफ’ ही आता पदवी नाही, ते आडनाव आहे. म्हणूनच माजी आर्थिक व्यवहारमंत्र्यांचं नाव ओटो ग्राफ लाम्ब्सडोर्फ असं लिहितात: आधी ओटो, मग ग्राफ. ‘काउंट ओटो’ लिहिणारे आडनावाचा अर्धा तुकडा तोडून पुढे चिकटवतात.

खरी मेख इथेच आहे. पदवी आडनाव झाली, म्हणजे ती आडनावासारखीच वारशाने जाऊ लागली. जुना सरदारी नियम असा होता की उपाधी बापाकडून औरस संततीला मिळते. मुलीलाही ती मिळायची, पण तिच्या मुलांना नाही. आजच्या कायद्यात तसं काही नाही. ग्राफ घराण्यातली मुलगी आणि तिचा नवरा लग्नात तिचं आडनाव निवडू शकतात. मग सुताराचा मुलगाही रीतसर ‘ग्राफ’ होतो आणि त्यांची मुलंही. आईचं नाव लावणारी अनौरस मुलंही तशीच. आणि दत्तकही.

दत्तकाचं सर्वांत गाजलेलं उदाहरण फ्रेडेरिक प्रिन्स फॉन आनहाल्ट यांचं. जन्मनाव हान्स रॉबर्ट लिख्टेनबर्ग. कैसर दुसरा विल्हेल्म याची सून असलेल्या मारी ऑगुस्टे यांनी १९८० साली त्यांना प्रौढपणी दत्तक घेतलं आणि ते ‘प्रिन्स’ झाले. १९८६ साली त्यांनी अभिनेत्री झा झा गॅबर यांच्याशी लग्न केलं, तेव्हा जगभर ‘जर्मन राजपुत्राचं लग्न’ असंच छापलं गेलं. पुढे त्यांनीही काही प्रौढ पुरुषांना दत्तक घेतलं. कायद्याने ते नाव त्यांचंच आहे, त्यावर कुणी आक्षेप घेऊ शकत नाही. पण जुनी घराणी आणि त्यांच्या संघटना अशा नावधारकांना आपल्यात धरत नाहीत. म्हणून जर्मनीत दोन वेगळे गट आहेत: सरदारी आडनाव असलेले, आणि घराण्यांनी सरदार मानलेले. सरकारला फक्त पहिला गट दिसतो.

उलटही घडतं. ‘फ्यूर्स्ट’सारख्या काही उपाध्या फक्त कुटुंबप्रमुखाच्या होत्या. त्या आडनावात टिकल्या नाहीत. रेगेन्सबुर्गच्या थुर्न उंट टाक्सिस घराण्याचे आल्बेर्ट यांना समाजात बारावे फ्यूर्स्ट म्हणतात, पण कायद्याने ते ‘प्रिन्स’ आडनावाचे नागरिक आहेत.

‘फॉन’वरून निष्कर्ष काढणाऱ्यांना एकच सांगणं: काढू नका. उत्तर जर्मनीत कितीतरी शेतकऱ्यांच्या नावात तो नुसता गाव सांगतो. आणि बेटहोफेनच्या नावातला ‘फान’ तर डच होता. १८१८ साली व्हिएन्नाच्या सरदारांसाठीच्या न्यायालयात त्याला सरदारकी सिद्ध करता आली नाही आणि त्याचा खटला सामान्य न्यायालयाकडे गेला. ऑस्ट्रियाही वेगळा धरा, तिथे १९१९ साली ‘फॉन’ नावातूनच काढून टाकला.

आता जमीन. सरदारी रद्द झाली म्हणजे इस्टेटी गेल्या, असं मानणारे पुष्कळ भेटतात. १९१९ च्या त्या कलमाने जमिनीचा एक तुकडाही घेतला नाही. १९२६ साली राजघराण्यांची मालमत्ता विनाभरपाई ताब्यात घेण्यासाठी सार्वमत झालं. सुमारे १ कोटी ४५ लाख लोकांनी होकार दिला, पण एकूण मतदारांच्या निम्मी मतं लागत होती, ती मिळाली नाहीत. जमीन गेली ती १९४५ नंतर, सोव्हिएत ताब्यातल्या पूर्व भागात, १०० हेक्टरांवरच्या मालकांची. नावात फॉन असो वा नसो. एकीकरणातही ते जप्तीचे निर्णय फिरवले गेले नाहीत. त्यामुळे आज एकाच आडनावाचा एक भाऊबंद बव्हेरियात जंगलाचा मालक आणि दुसऱ्याच्या हातात फक्त आजोबांच्या वाड्याचा फोटो, असं दिसतं.

ज्यांच्याकडे जमीन उरली, त्यांचं आयुष्य बहुतेक वनव्यवस्थापकाचं असतं. थोरल्यालाच अखंड इस्टेट देणारी जुनी व्यवस्था १९३९ पासून संपली. वारसांचा किमान वाटा कायद्याने ठरलेला आहे, म्हणून इस्टेट अखंड ठेवायची तर भावंडांना नोटरीसमोर बसवून हक्कसोडपत्र करून घ्यावं लागतं. शिकारीचा हक्क जमिनीला चिकटलेला आहे, आडनावाला नाही. सहसा सलग ७५ हेक्टर (काही राज्यांत जास्त) असले की स्वतःचं शिकारक्षेत्र, मालक ग्राफ असो की दूधवाला. पण बंदूक घेऊन जायचं तर शिकाऱ्याची परीक्षा ग्राफलाही द्यावीच लागते.

आणि जंगलात शत्रू म्हणाल तर जेमतेम अर्धा सेंटिमीटरचा भुंगेरा. २०१८ पासूनच्या कोरड्या उन्हाळ्यांत स्प्रूसची (सूचिपर्णी) झाडं तहानली, त्यांना डिंक सोडून किडा अडवता येईना. मालक बुंध्याशी वाकून कॉफीच्या चोथ्यासारखा तपकिरी भुसा शोधतो. तो दिसला की काही आठवड्यांत, किड्याची पुढची पिढी उडायच्या आत, झाड पाडून जंगलाबाहेर न्यायचं. सगळेच एकदम लाकूड विकायला काढतात, तेव्हा भाव कोसळतो. पणजोबांनी लावलेलं स्प्रूस कवडीमोलाने जातं आणि त्या जागी बीच किंवा ओक लावायचा, ज्याची तोड नातवंडांच्याही पुढच्या पिढीला मिळेल.

वाड्याचं तर विचारूच नका. तो संरक्षित वास्तू असतो, कौल बदलायलाही परवानगी लागते आणि निगा राखणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. हानोफरजवळचा मारियनबुर्ग किल्ला राज्याला एका युरोला देण्याचा करार २०१८ साली जाहीर झाला, तेव्हा ‘राजवंशजाने किल्ला मातीमोल विकला’ अशा थाटाच्या बातम्या आल्या. दुरुस्तीचा अंदाज होता सुमारे २ कोटी ७० लाख युरो.