डिप्रेशन एमआरआयमध्ये का दिसत नाही?

पुण्यात मानसोपचारतज्ज्ञाकडे पहिल्यांदा येणाऱ्या अनेकांच्या फाईलमध्ये डोक्याचा एमआरआय आधीच लावलेला असतो. खाली लिहिलेलं असतं 'नॉर्मल'. मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, "बघ, काही झालेलं नाहीये तुला, उगाच मनाला लावून घेतोस." दुसरा म्हणतो, "मशीन जुनं असेल, दुसरीकडे काढू." समजूत दोघांची एकच, की आजार खरा असेल तर तो फिल्मवर दिसलाच पाहिजे. ही समजूत शंभर वर्षांत हळूहळू तयार झाली आणि तिला खतपाणी संशोधकांनीच घातलं.

'याला येरवड्याला धाडा' ही पुणेरी चेष्टा ज्या मनोरुग्णालयावरून आली, ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. पुढे ते 2,540 खाटांपर्यंत वाढलं. ते उभं राहिलं त्या काळात रुग्णाचा मेंदू पाहायचा तर तो मेल्यावरच. 1906 मध्ये जर्मनीत अलॉइस अल्झायमर यांनी एका मृत रुग्णाच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकाखाली गाठी आणि डाग दाखवले, तेव्हा बाकीच्या मनोविकारांचंही असंच काही सापडेल अशी आशा होती. डिप्रेशनच्या रुग्णांच्या मेंदूत तसं काहीच हाती लागलं नाही. जिवंतपणी बघायचा एक मार्ग 1919 च्या सुमारास निघाला. कमरेत सुई घालून मणक्यातलं पाणी काढायचं, त्या जागी हवा भरायची आणि डोक्याचा एक्स-रे घ्यायचा. रुग्णाचं डोकं पुढे कित्येक दिवस ठणकत राही.

मधल्या काळात दोष आईवर गेला. 1948 मध्ये अमेरिकेत फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी 'स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई' अशी कल्पना मांडली आणि ती दोन-तीन दशकं टिकली. मुलगा आजारी, वर आईच आरोपी! मेंदूच्या चित्रांचं सगळ्यात मोठं काम मला हेच वाटतं की त्यांनी या बायकांची सुटका करायला हातभार लावला. 1976 मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात ईव्ह जॉनस्टन, टिम क्रो आणि सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियाच्या 17 जुन्या रुग्णांचे सीटी स्कॅन काढले. मेंदूच्या आतल्या, पाण्याने भरलेल्या पोकळ्या त्यांच्यात मोठ्या दिसल्या. सीटी तेव्हा अगदी नवा होता. पहिला रुग्ण त्यात झोपला तो ऑक्टोबर 1971 मध्ये. यंत्र बनवणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड ज्या ईएमआय कंपनीत नोकरीला होते, तिच्याच घराण्यातल्या तबकड्यांवर भोंग्यासमोर बसलेला कुत्रा असायचा.

सीटीचा पुण्याशी एक दूरचा धागाही आहे. सीटीत अनेक दिशांनी एक्स-रे घेतात; अशा सावल्यांवरून मूळ आकृती कशी मांडायची, हे गणित रोनाल्ड ब्रेसवेल यांनी 1956 मध्ये सूर्याच्या रेडिओ निरीक्षणांसाठी सोडवलं होतं. स्टॅनफर्डला त्यांच्या हाताखाली पीएच.डी. केलेले गोविंद स्वरूप पुढे पुण्यात आले आणि नारायणगावजवळ खोडदला 30 अँटेनांची दुर्बीण उभी केली. आकाश आणि कवटी, दोन्हीकडे हिशेब बराचसा तोच.

डिप्रेशनची पाळी पेट स्कॅनबरोबर आली. किरणोत्सारी खूण लावलेली साखर शिरेतून द्यायची आणि मेंदूचा कोणता भाग ती किती खातो ते मोजायचं. 1989 मध्ये कॅलिफोर्नियात लुईस बॅक्स्टर यांच्या गटाला डिप्रेशनमध्ये कपाळामागच्या डाव्या भागात साखरेचा वापर कमी दिसला. 1997 मध्ये वेन ड्रेव्हेट्स यांनी मेंदूच्या मधल्या रेषेलगत, खोलवर एक छोटा भाग दाखवला. तिथलं काम मंदावलेलं वाटत होतं. हेलन मेबर्ग यांना जवळपास तिथेच उलट दिसलं, काम जास्त चाललेलं. हा भागच काही रुग्णांत आकसलेला असतो आणि तो हिशेबात धरला की आकडे फिरतात, हे नंतर कळलं. मेबर्ग यांनी 2005 मध्ये टोरांटोत 6 असाध्य रुग्णांच्या त्या भागाजवळ तारा बसवून वीज दिली. चौघांना टिकाऊ फरक पडला. मोठ्या चाचणीत मात्र 90 रुग्णांवर खरी वीज आणि लटकी वीज यांत सहा महिन्यांनी फारसं अंतर उरलं नाही. ते 2017 मध्ये छापून आलं.

मेंदूचा कामाला लागलेला भाग एमआरआयवर लाल-पिवळ्या ठिपक्यांनी दाखवणारी पद्धत सेइजी ओगावा यांच्या 1990 च्या कामातून आली. रक्तातल्या प्राणवायूच्या बदलावर ती चालते. वर्तमानपत्रांना हे ठिपके फार आवडले. 2009 मध्ये क्रेग बेनेट आणि मित्रांनी मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांचे फोटो 'दाखवले' आणि त्याच्याही मेंदूत ठिपका उमटवून दाखवला. आकडेमोडीत काळजी घेतली नाही की असं होतं.

मग संख्या वाढवायला सुरुवात झाली. 2016 मध्ये 1,728 रुग्ण आणि 7,199 निरोगी माणसं यांची तुलना झाली. स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस रुग्णांत लहान निघाला, पण सरासरी फक्त सव्वा टक्क्याने. इतका फरक तर एकाच वाड्यातल्या दोन निरोगी भावांत सहज असेल. 2022 मध्ये जर्मन संशोधकांनी 1,809 जणांवर तपासलं, की मेंदूचं एकेक मोजमाप घेऊन डिप्रेशन ओळखता येतं का. बरोबर उत्तरं आली फार तर 56 टक्के. छापा-काटा केला तरी 50 येतात.

म्हणून डॉक्टर एमआरआय सांगतात तो गाठ, पक्षाघात, झटके असं दुसरं काही नाही ना, हे पाहायला. उतारवयात पहिल्यांदाच वागणं बदललं तर तो हमखास काढावा. 'नॉर्मल' याचा अर्थ तेवढाच. डिप्रेशन ओळखायचं ते झोप, भूक, रडू, आत्महत्येचे विचार विचारून, समोर बसून.

चित्रांचा उपयोग आता दुसऱ्या वाटेने होतो आहे. कवटीवरून चुंबकाचे ठोके देणाऱ्या टीएमएस उपचाराला अमेरिकेत 2008 मध्ये परवानगी मिळाली, आणि ठोके कपाळामागच्या त्याच डाव्या भागावर देतात. 2022 मध्ये तिथे मंजूर झालेल्या एका प्रकारात जागा प्रत्येकाच्या स्वतःच्या स्कॅनवरून ठरवतात. पुण्यातही काही खासगी दवाखान्यांत टीएमएस मिळतं. स्कॅन नसेल तिथे जागा शोधायची एक रूढ पद्धत आहे: नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, आणि मग डोक्याचा घेर मोजायचा. त्याला शिंप्याकडची टेप पुरते.