संगणकाविना क्लिपयंत्र

क्लिपयंत्र : संगीताचे छोटे तुकडे, म्हणजे क्लिप, चौकोनी पॅडांच्या जाळीवर मांडून ते हवे तेव्हा सुरू-बंद करत रचना बांधण्याचे स्वयंपूर्ण वाद्य. ध्वनिमुद्रण, सॅम्पल (मुद्रित ध्वनीचे तुकडे) कापणे, सिंथेसायझर, सूर-ठोके क्रमाने वाजवणारा सिक्वेन्सर, मिक्सर आणि इफेक्ट हे सारे एकाच पेटीत असते. संगणक जोडावा लागत नाही. दुकानात याला ग्रूव्हबॉक्स किंवा स्टँडअलोन वर्कस्टेशन म्हणतात, वाजवणारे नुसते ‘मशीन’ म्हणतात. पुण्यातल्या ऑर्केस्ट्राच्या वादकाला याची ओळख पटते ती ऑक्टापॅडमुळे. रोलंडचे हे वाद्य १९८५ सालचे, आठ पॅडांचे. मराठी वाद्यवृंदांत ते इतके रुळले की त्याचे नाव परके वाटेनासे झाले. ऑक्टापॅडवर काठी पडली की एक ठोका वाजतो. क्लिपयंत्रावर बोट पडले की अख्खे आवर्तन सुरू होते आणि थांबवेपर्यंत फिरत राहते.

जाळीतला प्रत्येक उभा रकाना म्हणजे एक ट्रॅक : एक ठेक्याचा, एक बासचा, एक तंबोऱ्याचा. रकान्यातल्या घरांत त्या ट्रॅकच्या वेगवेगळ्या क्लिप. एका रकान्यात एका वेळी एकच क्लिप वाजते. दुसरी दाबली की पहिली आपोआप बसते. आडव्या ओळीला सीन म्हणतात. ओळीच्या टोकाचे बटण दाबले की त्या ओळीतल्या सगळ्या क्लिप एकदम निघतात; मुखड्याची एक ओळ, अंतऱ्याची दुसरी, असे गाणे उभे राहते. क्लिपमध्ये एकतर प्रत्यक्ष ध्वनी असतो, नाहीतर कोणता सूर केव्हा आणि किती जोरात याची नोंद, म्हणजे मिडी. ध्वनीची क्लिप जागा खाते, मिडीची जवळजवळ खात नाही.

पूर्वपीठिका. चार बाय चार पॅडांची पेटी रूढ केली ती रॉजर लिन यांनी अकाई कंपनीसाठी आखलेल्या १९८८ च्या एमपीसी ६० ने. तिच्यात बांधलेले पॅटर्न होते, क्लिपची मोकळी जाळी नव्हती. ती जाळी संगणकातून आली : बर्लिनच्या एबलटन कंपनीच्या लाइव्ह या प्रणालीची पहिली आवृत्ती २००१ मधली. २००९ मध्ये अकाईचा एपीसी ४० आणि नोव्हेशनचा लाँचपॅड आले. पॅड होते, दिवे होते, पण स्वतःचा आवाज नव्हता. नाळ लॅपटॉपलाच बांधलेली. ती पुढच्या दशकात तुटत गेली : नोव्हेशन सर्किट २०१५, न्यूझीलंडचे डेल्यूज २०१७, अकाई फोर्स आणि रोलंड एमसी-७०७ ही दोन्ही २०१९, एबलटन पुश ३ २०२३, आणि शबनममध्ये मावणारे मूव्ह २०२४. डेल्यूजवर तब्बल १२८ पॅड आहेत, आणि त्याची आज्ञावली कंपनीने २०२३ मध्ये सर्वांना खुली केली. पुश ३ चे दोन प्रकार निघाले. त्यातला एकच संगणकाविना चालतो. घेताना दुकानदाराला हे दोनदा विचारावे.

आवर्तन आणि क्लिप. क्लिपचा शेवट आणि सुरुवात एकाच बिंदूवर असतात. आपल्याकडे त्या बिंदूला सम म्हणतात, आणि ही एक गोष्ट लक्षात आली की यंत्राच्या पुस्तिकेतला निम्मा मजकूर वाचावा लागत नाही. क्लिपची लांबी म्हणजे आवर्तन. पॅड दाबल्यावर क्लिप लगेच न निघता पुढच्या ठरलेल्या जागी निघते, त्या सोयीला लाँच क्वांटाइझ म्हणतात. बोट दोन मात्रा आधी पडले तरी यंत्र समेची वाट पाहते. तबलजी गवयाच्या चेहऱ्याकडे पाहून जे साधतो ते यंत्र मोजून साधते. त्याची मोजणी मात्र चारांची असते, आणि कुरबूर तिथूनच सुरू होते.

यंत्र उघडले की समोर ४/४ चा बार, म्हणजे चार मात्रांचा गट, असतो. त्रितालाला अडचण नाही : १६ मात्रा, चार बार. केरवा दोन बारांत बसतो. एकतालाच्या १२ मात्रा तीन बारांत बसतात खऱ्या, पण त्याचे विभाग दोन-दोन मात्रांचे. पडद्यावरच्या जाड रेघांकडे पाहून वाजवले तर खाली-भरीचा घोळ होतो. झपताल अडीच बारांचा. रूपक पावणेदोन बारांचा. ठेक्याची क्लिप ७ मात्रांची केली आणि क्वांटाइझ एका बारवरच राहिले, तर पहिल्या चार मात्रांत दाबलेली बासची क्लिप रूपकाच्या पाचव्या मात्रेवर घुसते. बारची सुरुवात आणि रूपकाची सम पुन्हा एकत्र यायला २८ मात्रा जातात, म्हणजे रूपकाची चार आवर्तने, झपतालात २०. नवख्याला वाटते, मशीन बिघडले. ज्या यंत्रात मापन बदलता येते तिथे ७/४ किंवा १०/४ ठेवावे. मग एक बार म्हणजेच एक आवर्तन होते आणि क्वांटाइझ आपोआप समेवर येते. जिथे बदलता येत नाही तिथे क्वांटाइझ एका मात्रेवर आणून समेला स्वतःच बोट टाकायचे. त्याला हात तयार लागतो.

विलंबिताची अडचण निराळी. विलंबित एकतालात मिनिटाला १२ ते १५ मात्रा पडतात, आणि यंत्राचे घड्याळ एवढे खाली उतरत नाही. लाइव्हमध्येसुद्धा लयीची तळरेषा २० ची आहे. तोडगा सोपा आहे. घड्याळ ६० वर ठेवून एका मात्रेला ४ ठोके द्यायचे. आवर्तन ४८ ठोक्यांचे, १२ बारांचे, ४८ सेकंदांचे होते, आणि प्रत्येक बार म्हणजे एक मात्रा असल्याने पडद्यावर वाचायलाही सुटसुटीत.

तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा, भरताना बहुतेक जण एकदा तरी फसतात. तिहाईचा शेवटचा ‘धा’ आवर्तनाच्या आत नसतो, तो पुढच्या समेवर असतो. १६ मात्रांच्या क्लिपमध्ये तिहाई कोंबली तर शेवटचा धा कापला जातो, किंवा क्लिपच्या आरंभी चिकटून नको तिथे वाजतो. म्हणून शेवटचा धा तिहाईच्या क्लिपमध्ये ठेवूच नये. ती क्लिप एकदाच वाजून पुढे ठेक्याच्या क्लिपवर जाईल अशी योजना करावी. ठेक्याचा पहिला धा हाच तिहाईचा शेवटचा धा. एका क्लिपमागून दुसरी आपणहून निघण्याची ही सोय बऱ्याच यंत्रांत असते. नसेल तर दुसरे पॅड हाताने दाबले तरी क्वांटाइझ सम सांभाळते.

तबल्याच्या रियाजाला नगम्याची, म्हणजे आवर्तन दाखवत फिरणाऱ्या धुनेची, क्लिप उपयोगी पडते, लयीचा खटका फिरवला की नगमा पट्टी न बदलता चढतो-उतरतो. पण नुसता नगमा आणि तंबोरा हवा असेल तर हे यंत्र घेणे उधळपट्टी आहे. इलेक्ट्रॉनिक तबला-तंबोऱ्याची छोटी पेटी ते काम निम्म्याहून कमी त्रासात करते. आणि ख्यालाच्या साथीला तर क्लिप ठेवूच नये. गाता गाता लय चढते, गवई एखादी मात्रा रेंगाळतो. यंत्राला ते सांगणार कोण?

सूर. आपल्याकडे पट्टी पेटीच्या पट्ट्यांवरून सांगतात, यंत्र पाश्चात्त्य अक्षरे मागते. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, काळी चार म्हणजे जी शार्प. मूळ स्वर आणि स्केल, म्हणजे सुरांचा संच, निवडला की वर्ज्य सूर पॅडांवरून निघून जातात आणि चुकीचे बोट पडतच नाही. नवशिक्याला हे वरदान वाटते. रागाचे चलन मात्र त्याने येत नाही, भूप आणि देशकार हे त्याच पाच सुरांचे दोन राग यंत्राला एकच दिसतात. शिवाय पॅडांचे सूर समविभाजित सप्तकाचे, म्हणजे बारा सारख्या अंतरांचे. तंबोऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार त्याहून सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे त्या एका अंतराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो, म्हणून खऱ्या तंबोऱ्याच्या क्लिपवर यंत्राचा गंधार धरला की कान टोचतो. तो सूर हाताने उतरवावा लागतो.

तंबोऱ्याच्या क्लिपला वॉर्प, म्हणजे लयीनुसार ताणण्याची सोय, बंद ठेवावी. तंबोऱ्याला ताल नाही. लय बदलली की त्याची जवारी, म्हणजे तारेचा झणकार, विनाकारण ताणली जाऊन पत्र्यासारखी वाजू लागते. जोड लपवण्यासाठी क्लिप पुरेशी लांब घ्यावी, चार तारांची एकच फेरी पुरत नाही.

ढोल-ताशाचे सॅम्पल. गणेशोत्सवाच्या आधीचे आठवडे पुण्यात सॅम्पल गोळा करणाऱ्यांचे. मुठेच्या पात्रात संध्याकाळी पथकांचा सराव चालतो, आणि मूव्ह किंवा डेल्यूजला मायक्रोफोन अंगचाच असतो. पथकाच्या पुढ्यात उभे राहून केलेले मुद्रण मात्र बहुतेक वेळा फाटते. इनपुट कितीही उतरवला तरी इवल्या मायक्रोफोनला पन्नास ढोल झेपत नाहीत. लांबून, पुलाच्या बाजूने, एक क्लिप माहोलासाठी घ्यावी. मग सराव संपल्यावर एखाद्या वादकाला विनंती करून एकाच ढोलाचे सुटे ठोके घ्यावेत : टिपरूचा, थापीचा, काठावरचा, ताशाची तर्री वेगळी. प्रत्येक ठोका हलका ते जोरकस असा निदान आठ-दहा वेळा. एकच ठोका पुन्हा पुन्हा वाजवला की कानाला लबाडी लगेच कळते. वाजवून झाल्यावर ठोक्यांचे क्वांटाइझ, म्हणजे मागेपुढे पडलेले ठोके नेमक्या जागी ओढणे (लाँच क्वांटाइझ नव्हे), पूर्ण १०० टक्के लावण्याचा मोह आवरावा. ५०-६० टक्क्यांवर ठोके जागेवर येतात आणि तरी माणसे वाजवताहेत असे वाटते. १०० वर पथक निघून जाते आणि शिवणयंत्र उरते.

रंगमंचावर. एकांकिकेच्या पार्श्वसंगीतासाठी क्लिपयंत्रासारखी सोय नाही, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धेत भरत नाट्य मंदिराच्या विंगेत बसून लॅपटॉपवरून संगीत देणाऱ्याची खरी भीती असते ती नटाच्या पॉजची. मुद्रित तुकडा ४० सेकंदांचा, आणि टाळी पडली म्हणून नट पुढचे वाक्य ५० व्या सेकंदाला घेतो. क्लिप फिरत राहते, पुढचे वाक्य आले की पुढचे पॅड. इथे लाँच क्वांटाइझ बंद ठेवावे, नाहीतर गोळीचा आवाज माणूस पडल्यावर येतो. वातावरणाच्या क्लिप फिरत्या, दाराची थाप किंवा फोनची घंटा एकदाच वाजणारी. आणि पॅडांचे दिवे मंद करायला विसरू नये. ब्लॅकआउटमध्ये ६४ रंगीत दिव्यांची जाळी विंगेतून प्रेक्षकांना दिसते.

वीज आणि जोडण्या. बॅटरी सगळ्यांना नसते. फोर्सला भिंतीतली वीज लागतेच. मांडवात ती जनरेटरवर असेल तर मध्ये यूपीएस असावा, कारण क्षणभर वीज गेली तरी न साठवलेले काम जाते. पुश ३ ची बॅटरी दोन-अडीच तास चालते, मूव्हची चार तासांपर्यंत. डेक्कन क्वीनने पुण्याहून निघून गाण्याचे काम करत मुंबई गाठायची, तर पहिले साधारण कर्जतपुढे कुठेतरी मान टाकते, दुसरे टिकते. सवलतीचे मोजके दिवस सोडले तर रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. हेडफोनवर बाल्कनीत बसून काम करणाऱ्याला तो नियम लागू नाही, शेजाऱ्यांनाही तक्रारीला जागा नाही.

केबल आणि जॅक बुधवार पेठेत, तापकीर गल्लीत मिळतात. मिडीची पाच पिनांची केबल ओळखायला सोपी, पण अलीकडच्या यंत्रांत तिची जागा ३.५ मिलिमीटरच्या जॅकने घेतली आणि त्याच्या तारा जोडण्याचे दोन प्रकार आहेत, ए आणि बी. २०१८ मध्ये ए प्रकार प्रमाण ठरला, जुन्या यंत्रांत बी सापडतो. दिसायला दोन्ही तंतोतंत सारखे. यंत्रे एकमेकांशी बोलत नसतील तर आधी हे पाहावे.

साठवण आणि मर्यादा. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ असा एक मिनिट ध्वनी साधारण १० मेगाबाइट जागा घेतो. फोर्समध्ये रॅम २ गीगाबाइट. पाच-सहा लांब मैफलींचे तुकडे उघडू पाहिले की ती संपते. पुश ३ मध्ये रॅम ८ गीगाबाइट आणि डिस्क २५६ गीगाबाइट आहे, पण संगणकावर विकत घेतलेले बाहेरचे प्लगइन, म्हणजे इतर कंपन्यांची जोड-वाद्ये आणि इफेक्ट, त्याच्यात चालत नाहीत. एबलटनची स्वतःची वाद्ये आणि इफेक्ट चालतात. संगणक नसल्याचा सर्वांत मोठा तोटा यातला कोणताच नाही. सॅम्पल एका कार्डावर आणि गाणे दुसऱ्यावर राहते, कार्ड बदलले की गाणे उघडते पण आवाज सापडत नाही. म्हणून गाणे साठवताना सॅम्पलही त्याच फोल्डरमध्ये ओढून घ्यावेत, आणि त्याची नक्कल दुसऱ्या कार्डावर, त्याच दिवशी.

अंतिम मिश्रण लहान पडद्यावर करता येते, पण करू नये. स्टुडिओत नेण्यासाठी प्रत्येक ट्रॅकची वेगळी फाइल काढतात, सगळ्या एकाच बिंदूपासून सुरू होणाऱ्या. फाइलच्या नावात ताल, लय आणि पट्टी लिहावी. नाही लिहिले तर स्टुडिओतला माणूस रूपक ४/४ मध्ये उघडतो, आणि पहिला तास सम शोधण्यात जातो.